झाकण मिटले की

ताईच्या पत्राला उत्तर द्यायचे राहून गेले होते. 'राहून गेले' हे सूचीकारांचे शब्द. त्यांच्या बायकोच्या मते ते राहून वगैरे गेले नव्हते, चांगले जपून ठेवून दिलेले होते.

पत्र एकाच पानाचे होते. ताईने वयाची ऐंशी ओलांडली तरी तिच्या अक्षराने ओळ सोडली नव्हती. तिने लिहिले होते, "जावयांची बदली परदेशी झाली. हे घर आता बंद होईल. म्हाताऱ्या माणसांच्या एका निवासात माझ्यासाठी खोली बघितली आहे. चांगली आहे म्हणतात. पण मला तुझ्याकडे राहायला आवडेल. ये म्हण किंवा नको म्हण, मी रागावणार नाही. फक्त स्वतः सांग. माझ्या मुलीला मधे घालू नकोस. ती दोन्हीकडून गोड बोलेल आणि खरे काय ते मला कळणारच नाही. निवासातली खोली महिनाअखेरपर्यंत राखून ठेवली आहे."

एवढ्या सरळ पत्राला सरळ उत्तर द्यायला काय हरकत होती? पण सूचीकारांचे घोडे तिथेच अडले. त्यांचा जन्म पुस्तकांच्या शेवटच्या पानांत गेला होता. जाडजूड पुस्तकाच्या अखेरीस कुठला विषय कोणत्या पानावर आहे हे सांगणारी जी बारीक टाइपातली सूची असते, ती ते करत. दुसऱ्याने लिहिलेल्या सहाशे पानांतले हवे ते वाक्य ते चुटकीसरशी काढून देत. स्वतःचे एक वाक्य लिहायचे म्हटले की त्यांना घाम फुटे. पहिले उत्तर त्यांनी लिहिले: "ताई, ये." वाचून पाहिले तर वाटले, हे तर रिक्षा थांबवल्यासारखे झाले. दुसरे उत्तर तीन पानांचे झाले. ते वाचल्यावर असे वाटले की हा माणूस हो म्हणता म्हणता माफी मागतो आहे. तिसरे त्यांनी लिहिलेच नाही.

खरी गोष्ट अशी होती की घरात खोल्या दोनच, आणि आतली खोली सूचीकारांच्या कामाची होती. खिडकीशी टेबल, तिन्ही भिंतींना पुस्तके, आणि दार लोटून घेतले की जगाशी संबंध नाही. पत्र आले त्याच दिवशी बायको म्हणाली होती, "त्यात विचार कसला? ये म्हणा, आणि आतली खोली मोकळी करून द्या. तुमचं टेबल इथे बाहेर लावू."

"अर्थातच," सूचीकार म्हणाले होते. पण अर्थातच म्हणता म्हणता त्यांची नजर खिडकीशेजारच्या पुस्तकांच्या कपाटाकडे गेली, आणि ती गेलेली बायकोने पाहिली.

तीच नजर पत्रात उतरेल याची त्यांना धास्ती होती. आई गेल्यावर ताईने त्यांना वाढवले होते, शाळेच्या फाटकापर्यंत हाताला धरून नेले होते. तिला हो म्हणायचे तर ते शंभर टक्के हो असले पाहिजे. त्यात कपाट दिसता कामा नये. म्हणून त्यांनी ठरवले की ही गोष्ट कागदावर नको, तोंडासमोर सांगू. उठून तिच्या गावी जावे तर प्रवास लांबचा, आणि डोळ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी अजून प्रवासाला परवानगी दिली नव्हती. फोन बिनकामाचा, कारण ताईचे दोन्ही कान कधीच गेलेले. ती ओठांच्या हालचालीवरून बोलणे ओळखायची. राहिला व्हिडिओ कॉल. दर रविवारी सकाळी भाची तिच्यासमोर टॅब लावून ठेवी आणि स्वतः स्वयंपाकघरात जाई. म्हणजे मधे कोणी नाही. लॅपटॉप उघडायचा, ताईच्या डोळ्यांत बघायचे, आणि 'ये' म्हणायचे. त्यात अवघड काय होते?

अवघड लॅपटॉप होता.

हा लॅपटॉप मुलाने त्यांना दिला होता. मुलगा दूरच्या शहरात एका संगणक कंपनीत होता. देताना थट्टेने त्याने यंत्राचे नाव 'परिशिष्ट' ठेवले होते. सुरू होताना ते पडद्यावर दिसे. सूचीकारांनी त्या यंत्राला पुस्तकासारखेच वागवले. पुस्तक वाचून झाले म्हणून कोणी ते मोडून ठेवत नाही, मिटून ठेवतो आणि उद्या तिथूनच उघडतो. तसे ते रोज काम संपले की लॅपटॉपचे झाकण मिटत. तो आत झोपी जाई. सकाळी झाकण उघडले की सगळी पाने जिथल्या तिथे. ही सोय त्यांना फार आवडली होती.

फक्त झोपेतून उठला की त्याचे इंटरनेट रांगू लागे. प्रकाशकाकडून आलेल्या पुस्तकाची पाने एकेक करून, वरून खाली, पडदा सोडावा तशी उतरत. कामापुरते सूचीकारांनी ते चालवून घेतले होते. म्हाताऱ्याकडे म्हातारे यंत्र, त्यालाही उठल्यावर गुडघे धरत असतील, अशी त्यांनी समजूत करून घेतली होती. पण व्हिडिओ कॉलला समजूत चालत नाही.

पत्रानंतरच्या पहिल्या रविवारी त्यांनी दाढी केली, धुतलेला शर्ट घातला, आणि झाकण उघडून ताईला कॉल लावला. ताई दिसली. चष्मा, पांढरे केस, मागे भाचीच्या खिडकीचा पडदा.

"ताई," सूचीकार म्हणाले, "तुझं पत्र मिळालं."

ताई तशीच राहिली. पापणीसुद्धा हलली नाही. मग एकदम तिचा हात गालापासून कपाळावर गेला, मधला प्रवास न करता.

"पुस्तक्या," ताईचा आवाज तुकड्यातुकड्यांनी आला. ती त्यांना लहानपणापासून पुस्तक्याच म्हणत असे. "तू तोंड... उघडं ठेवून... बसलायस का?"

"नाही गं, मी बोलतोय."

"हललास की सांग," ताई म्हणाली आणि शांतपणे वाट बघत बसली. थोड्या वेळाने तिने पाटीएवढ्या कागदावर काहीतरी लिहून समोर धरले. कागद चौकोनाचौकोनांनी उमटत गेला. त्यावर होते: पुढच्या रविवारी.

"झालं सांगून?" बायकोने बाहेरून विचारले.

"नेट गेलं."

"नेट गेलं की तुम्ही गेलात?"

 त्या दुपारपासून सूचीकार लॅपटॉपच्या मागे लागले.

आधी राउटर. तो बाहेरच्या खोलीत कपाटाच्या डोक्यावर होता. सूचीकार खुर्चीवर चढले, बायकोने खुर्ची धरली, आणि त्यांनी राउटर बंद करून चालू केला. हिरवे दिवे लागले. नेट तसेच. दुसऱ्यांदा चढले तेव्हा बायको म्हणाली, "डोळ्याचं ऑपरेशन झालंय, आता पायाचं करून घ्यायचंय का?" मग त्यांनी कंपनीला फोन लावला. बराच वेळ बासरी ऐकवून झाल्यावर एक मुलगी बोलू लागली.

"सर, राउटरवर हिरवा दिवा आहे का?"

"आहे."

"मग आमच्या बाजूने सगळं व्यवस्थित आहे, सर."

"पण नेट चालत नाहीये."

"हिरवा दिवा आहे ना, सर?"

"अहो, आहे."

"मग व्यवस्थित आहे."

सूचीकारांना त्यांच्या धंद्यातली सगळ्यात वाईट चूक आठवली. नवशिका सूची करतो तेव्हा एके ठिकाणी लिहितो, 'मंद इंटरनेट: पाहा राउटर', आणि दुसरीकडे लिहितो, 'राउटर: पाहा मंद इंटरनेट'. वाचक बिचारा या दोन नोंदींच्या मधे जन्मभर हेलपाटे घालतो. आज ते स्वतःच तो वाचक झाले होते.

दोन दिवसांनी कंपनीचा तंत्रज्ञ आला. त्याने आपल्या फोनवर वेग मोजला आणि फोन सूचीकारांच्या नाकासमोर धरला. "काका, नेट पळतंय. घोडा आहे घोडा."

"माझ्या लॅपटॉपवर गाढव होतं त्याचं."

तंत्रज्ञाने लॅपटॉप पूर्ण बंद करून पुन्हा सुरू केला. पाने फडाफड उघडली. मूल रात्रभर रडते आणि डॉक्टरांसमोर नेले की खुदकन हसते, तसा तो लॅपटॉप त्या परक्या माणसासमोर हसला. सूचीकार ओशाळले. तंत्रज्ञाला चहा देण्यासाठी त्यांनी टेबलावर जागा केली, म्हणजे लॅपटॉप मिटून बाजूला ठेवला. तो चहा पिऊन गेला. सूचीकारांनी झाकण उघडले. येरे माझ्या मागल्या.

त्यांनी मुलाला फोन केला.

"बाबा, रीस्टार्ट करा."

"केला. रीस्टार्ट केला की चालतं."

"मग झालं की."

"अरे, झाकण मिटलं की पुन्हा तेच."

"मग मिटू नका."

"हा काय उपाय झाला? दार वाजतं म्हणून दार लावूच नका, असं सांगतोयस तू."

मुलगा हसला. मग त्याने त्यांच्याकडून बरेच काही करवून घेतले. यंत्र झोपताना वायफायची वीज तोडते तो पर्याय बंद करवला, एक नवा ड्रायव्हर उतरवून घ्यायला लावला. ड्रायव्हर म्हणजे काय हे विचारायचे सूचीकारांच्या ओठांवर आले होते, पण ते तिथेच थांबले. "वायफायचं ते पंख्यासारखं चिन्ह दिसतंय? पूर्ण भरलेलं आहे?" मुलाने विचारले. सूचीकार म्हणाले, पूर्ण भरलेले आहे. "मग जोडलेलं आहे," मुलगा म्हणाला. सगळे करून झाल्यावर झाकण मिटून उघडले, आणि प्रकाशकाचे पान वरून खाली, पडद्यासारखे, सावकाश उतरू लागले.

"बाबा, आता मात्र हात टेकले," मुलगा म्हणाला. "तो म्हातारा झालाय. नवा घेऊ."

म्हातारा झालाय हे कारण सूचीकारांना एकाएकी अजिबात पटेनासे झाले.

शेवटी मुलाचाच उपाय त्यांनी धरला. शनिवारी लॅपटॉप पूर्ण बंद करून सुरू केला आणि झाकण मिटलेच नाही. झोपू नये अशी सेटिंगही करून ठेवली. तो टेबलावर रात्रभर टक्क उघडा राहिला. "त्याला पांघरूण घालू का?" बायकोने झोपायला जाता जाता विचारले. सकाळी सूचीकार उठले तेव्हा नेट पळत होते. ते खुशीत आंघोळीला गेले. आंघोळ करताना त्यांनी वाक्य पाठ केले. वाक्य लहान होते, पण त्यांनी ते तीन वेगवेगळ्या सुरांत म्हणून पाहिले.

बाहेर आले तर टेबल चकाचक पुसलेले आणि लॅपटॉप मिटलेला.

"हे काय केलंस?"

"तुम्ही ताईंसमोर बसणार, टेबलावर तो धुळीचा थर दिसायला नको म्हणून पुसलं," बायको म्हणाली. "का? काय झालं?"

सूचीकार खुर्चीत बसले. बायकोला काय झाले ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळले, आणि तिने हातातले फडके खाली ठेवले. लॅपटॉप बंद करून परत सुरू करायला वेळ लागला, तोवर कॉलची वेळ टळली. भाचीचा निरोप आला: आई वाट बघून देवळात गेली. पुढच्या रविवारी नक्की. आणि मामा, निवासातले लोक विचारत होते.

आता सूचीकार खरोखर चिडले. ते चिडत तेव्हा ओरडत नसत. अधिक हळू बोलत, इतके की समोरच्याला वाकावे लागे. त्या आठवड्यात बायको सारखी वाकत होती.

बुधवारी जिन्यात त्यांना शेजारच्या दंतवैद्य बाई भेटल्या. त्यांचा दवाखाना सूचीकारांच्याच मजल्यावर होता; सूचीकारांची आतली खोली आणि दवाखान्याची वेटिंगरूम यांच्यामध्ये एक भिंत. वर्षभरापूर्वी बाईंनीच सूचीकारांची दाढ भरली होती. बाई फोनवर कोणावर तरी उखडलेल्या होत्या.

"काका, तुमच्याकडे नेट कसं आहे?" फोन ठेवून त्यांनी विचारले.

सूचीकारांना कोणी प्रश्न विचारला की आधी आपलेच काही चुकले असे वाटे. पण हा प्रश्न समदुःखी निघाला. "विचारू नका," ते म्हणाले.

"बघा. म्हणजे मी एकटी नाही. सकाळी पेशंट खुर्चीत आ करून बसलेला असतो आणि माझा एक्सरे काही वर जात नाही. आमची रिसेप्शनची मुलगी म्हणते, कोणीतरी आपल्या नेटवर बसलंय. मी म्हणते, कंपनीच चोर आहे."

"कंपनीची मुलगी फक्त हिरवा दिवा विचारते."

"तेच. काका, तुमचा लिहिण्याचा धंदा. दोघांच्या सहीने एक सणसणीत तक्रार लिहा. एकट्याला कुत्रं विचारत नाही."

सूचीकारांचा धंदा लिहिण्याचा नव्हता, पण ते सांगायला त्यांना धीर झाला नाही. घरी येऊन ते लिहायला बसले, आणि आश्चर्य असे की भरभर लिहून गेले. रागाला फार विचार लागत नाही. त्यांनी लिहिले की आम्ही दोघे शेजारी नियमाने पैसे भरणारे ग्राहक असून, आमच्या समजुतीप्रमाणे कोणी अनाहूत व्यक्ती आमच्या जोडणीचा गैरवापर करत असावी. तिचा शोध घेऊन बंदोबस्त करावा. बाईंनी वाचले आणि त्यांचे डोळे चमकले. "अनाहूत व्यक्ती. वा, काका." दोघांच्या सह्या झाल्या.

लेखी तक्रारीचा परिणाम झाला. शुक्रवारी तोच तंत्रज्ञ आला, या वेळी आधी दवाखान्यात. बाईंनी सूचीकारांना बोलावून घेतले. वेटिंगरूममध्ये एक आजोबा गालाला हात लावून बसले होते. रिसेप्शनच्या टेबलामागे, सूचीकारांच्या भिंतीला पाठ लावून, बाईंचा राउटर होता.

"तुमच्याकडे नेट एकच, पण नावं दोन आहेत," तंत्रज्ञ बाईंना सांगत होता. "एक दवाखान्याचं. दुसरं वेटिंगरूमसाठी, 'पाहुणे' नावाचं, त्याला वेग कमी ठेवलाय. आता त्याच्यावर कोण कोण आहे ते बघू." त्याने फोनचा पडदा वर सरकवला. "हा एक फोन."

गालाला हात लावलेल्या आजोबांनी दुसरा हात वर केला. "तो मी."

"आणि हा एक लॅपटॉप. हाच सगळं खातोय. रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत, महिनोन्महिने." तंत्रज्ञाने कपाळाला आठ्या घातल्या. "नाव पण काय एकेक ठेवतात लोक. परिशिष्ट."

 सूचीकारांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. गप्प राहावे असे एक क्षण त्यांच्या मनात आले. बाईंना कळणार नव्हते, तंत्रज्ञाला कळणार नव्हते. मग त्यांना आपल्याच हातची ती तक्रार टेबलावर दिसली, खाली आपली स्वच्छ सही.

"तो माझा आहे," ते म्हणाले.

"काय म्हणालात, काका?" बाई वाकल्या.

"परिशिष्ट माझा लॅपटॉप आहे."

दाढेचे काम चालू होते तेव्हाची गोष्ट होती ती. नंबर यायला उशीर होता, म्हणून ते लॅपटॉप घेऊन याच खुर्चीवर कामाला बसले होते. भिंतीवर 'पाहुणे' आणि त्याचा पासवर्ड लिहिलेला कागद होता. तो त्यांनी भरला, काम केले, दाढ भरून घेतली आणि घरी गेले. ते विसरले. लॅपटॉप विसरला नाही.

"म्हणजे असं झालं," तंत्रज्ञ म्हणाला. त्याला आता मजा वाटत होती. "पूर्ण बंद करून सुरू केलं की मशीन सावकाश उठतं, सगळीकडे बघतं, घरचं नेट शोधून काढतं. पण झोपेतून एकदम उठलं की हाताला लागेल ते धरतं. तुमचा राउटर बाहेर कपाटावर, मधे भिंती. बाईंचा राउटर तुमच्या टेबलाला चिकटून. झोपेतून उठलेला माणूस कोणाच्या पण चपला घालून जातो, तसं."

"पण चिन्ह पूर्ण भरलेलं दिसत होतं," सूचीकार म्हणाले.

"चिन्ह भरलेलंच असणार. नाव वाचलंत का त्याच्या शेजारचं?"

सूचीकारांनी नाव वाचले नव्हते. जन्मभर बारीक टाइप वाचणाऱ्या माणसाने ते एक बारीक अक्षर वाचले नव्हते. पान क्रमांक अगदी बरोबर आणि पुस्तकच दुसरे, असा हा प्रकार झाला होता.

बाई तक्रारीकडे बघत होत्या. त्यांचे ओठ थरथरले, आणि सूचीकारांना वाटले की आता मात्र या बोलणार. "अनाहूत व्यक्ती," बाई म्हणाल्या, "आणि तिचा बंदोबस्त करावा." मग त्यांना हसू आवरेना. त्या टेबलाला धरून हसल्या. रिसेप्शनची मुलगी हसली, गाल सुजलेल्या आजोबांनीही गाल दाबून हसून घेतले. "काका, म्हणजे दाढ भरली तरी तुम्ही आमच्या वेटिंगरूममधून उठलाच नाहीत म्हणायचं."

"माफ करा," सूचीकार म्हणाले. ते त्यांनी इतक्या वेळा म्हटले की शेवटी बाईंनीच त्यांना दारापर्यंत पोचवले.

तंत्रज्ञाने सूचीकारांच्या घरी येऊन लॅपटॉपला 'पाहुणे' हे नाव विसरायला लावले. एक बटण, बस. झाकण मिटले, उघडले, पुन्हा मिटले, पुन्हा उघडले. प्रत्येक वेळी पाने धडाधड आली.

"काखेत कळसा," बायको म्हणाली, "आणि तुम्ही मला खुर्ची धरायला लावलीत."

रविवारी सूचीकारांनी झाकण उघडले, आणि ताई इतकी स्पष्ट दिसली की तिच्या चष्म्याच्या काचेवरचा डाग दिसला. ती हसली की हसतानाच दिसली, हात हलला की लगेच हललेला दिसला. पडद्याच्या कोपऱ्यात लहानशा चौकोनात सूचीकार स्वतःला दिसत होते. दाढी केलेला, भुवया वाढलेला एक घाबरट माणूस.

"आज जिवंत आहेस," ताई म्हणाली.

सूचीकारांनी तिला सगळी हकिकत सांगायला सुरुवात केली. राउटर, हिरवा दिवा, गाढव आणि घोडा, अनाहूत व्यक्ती. ताई डोळे बारीक करून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. मधून मधून ती हसे. पण कधी गोष्टीच्या विनोदाच्या जागी हसे, कधी नाही. हकिकत संपली. आता ते वाक्य. सूचीकारांनी खाकरून घेतले. त्यांच्या मागे, कोपऱ्यातल्या चौकोनात, खिडकीशेजारचे कपाट स्वच्छ दिसत होते.

"ताई, तू लिहिलं होतंस ना, ते... म्हणजे आम्ही बोललो, आणि माझं असं म्हणणं आहे की..."

"पुस्तक्या," ताई म्हणाली. "नेट आता ठीक आहे ना?"

"हो."

"मला हो कळलं, कारण तू मान हलवलीस. बाकी काही कळलं नाही. आजच नाही, कधीच कळत नाही. तू लहानपणापासून तोंडातल्या तोंडात बोलतोस. तुझे ओठच हलत नाहीत. भाजीवाल्याचं बोलणं मला रस्त्याच्या पलीकडून कळतं, तुझं समोर बसून कळत नाही. तो बिचारा लॅपटॉप काय करणार?" ती रागावलेली नव्हती, फक्त दमलेली दिसत होती. "म्हणून तर मी पत्र लिहिलं. म्हणजे तू पण लिहिशील. आठ दिवस राहिलेत. नको असेल तर नको लिही, पण लिही."

तिने पुढे वाकून आपल्या बाजूचे बटण दाबले. तिला ते नीट येत होते.

सूचीकार पडद्याकडे बघत बसले. बायको दारात उभी होती. तिचे सगळे ऐकून झाले होते हे उघड होते.

"नाचता येईना," ती म्हणाली आणि थांबली. पुढचे न म्हणता तिने आत येऊन टेबलावर कोरा कागद ठेवला. "मी ताईंना गेली चाळीस वर्षं ओळखते. त्यांना गोड बोललेलं आवडत नाही. तुम्हाला खोलीचं वाईट वाटतंय तर ते लिहा."

"तिला काय वाटेल?"

"खरं वाटेल."

बायको बाहेर गेली. सूचीकारांनी लिहिले:

"ताई, ये. आतली खोली तुझी. पुस्तके बाहेर न्यावी लागणार याचे मला वाईट वाटले, अजूनही थोडे वाटते. ते तुला कळू नये म्हणून उत्तर लांबवत होतो. नेटचा दोष निम्माही नव्हता. मला एकांताची सवय झाली आहे आणि तुझ्या मोठ्या आवाजाची मोडली आहे. दोन्हींना वेळ लागेल. मी अधूनमधून तोंड वाकडे करीन. तू लगेच बोलून दाखवशील, ते बरेच आहे. पण तू निवासातल्या खोलीत आणि मी या खोलीत दार लोटून, हे मला बघवणार नाही. खिडकीजवळ तुझा पलंग येईल. सकाळी तिथे ऊन असते. ये."

त्यांनी ते वाचून पाहिले. 'मोडली आहे' खटकले. 'दोन्हींना' बरोबर की 'दोन्हीला', हा प्रश्न पडला. 'ये' दोनदा आले होते. त्यातले एक काढावे असे वाटून त्यांनी पेन उचलले.

"पेन खाली ठेवा," बायको बाहेरून म्हणाली.

"मी फक्त..."

"तुमच्या या 'मी फक्त'मधूनच ही सगळी कपाटं भरलेली मी बघितली आहेत."

सूचीकारांनी कागदाची घडी घातली, पाकिटात घातला, पत्ता लिहिला. पत्ता मात्र त्यांनी दोनदा तपासला. तेवढा हक्क त्यांनी स्वतःकडे ठेवला. बायको टपालपेटीत टाकून येते म्हणाली, पण ते म्हणाले, नको, मी जातो.

टपालपेटी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाजवळ होती. ऊन बरेच चढले होते. पेटीवर, रविवारी डाक निघत नाही, उद्या सकाळी निघेल, असे लिहिलेले होते. म्हणजे रात्रभर विचार करायला वेळ होता, सकाळी टाकले तरी फरक पडणार नव्हता. सूचीकार तिथे थोडे रेंगाळले. दुकानदाराने आतून विचारले, "काही हवंय का?" सूचीकार नाही म्हणाले, पण ते त्याला ऐकू गेले नसावे, कारण तो उठून बाहेर येऊ लागला.

"नाही, पत्र टाकायला आलोय," सूचीकार मोठ्याने म्हणाले, आणि त्यांनी पत्र टाकले.